आधी लगावली, मग लिपी

फारसी लिपी शिकायला फार दिवस लागत नाहीत. अरबीची 28 अक्षरं आणि इराण्यांनी भर घातलेली पे, चे, झे, गाफ ही चार, अशी 32. त्यांतली सात पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत, एवढं ध्यानात ठेवलं की तीन-चार आठवड्यांत पाटी वाचता येते. अडचण त्यानंतर सुरू होते. अक्षरं ओळखता येतात, पण ओळ वाचता येत नाही, कारण ओळीतले निम्मे स्वर कागदावर नसतातच.

फिरदौसीच्या शाहनामा या महाकाव्याची पहिली ओळ घ्या: बनामे खुदावन्दि जानो खिरद. अर्थ, 'प्राण आणि बुद्धी यांच्या स्वामीच्या नावाने'. उच्चारात 11 अक्षरं आहेत. त्यांपैकी ना, दा, जा यांतला 'आ' अलिफने लिहिलेला असतो. 'जानो'मधल्या 'ओ'साठी एक वाव असतो, सुरुवातीच्या 'ब'ला छापील प्रतीत एक मूक 'हे' चिकटवलेला असतो. उरलेल्या सहा अक्षरांचे स्वर वाचकाने आपल्या मनाने भरायचे. या सहांत दोन सर्वांत महत्त्वाचे आहेत: 'नामे'मधला 'ए' आणि 'खुदावन्दि'मधला 'इ'. ही इजाफत. आपल्या 'चा-ची-चे'चं काम ती करते, विशेषणही नामाला तीच जोडते. सगळं फारसी वाक्य या सांध्यावर उभं असतं आणि व्यंजनान्त शब्दानंतर हा सांधा लिहायची पद्धतच नाही. इजाफत कुठे आहे हे कळलं नाही तर शब्दकोशातला प्रत्येक शब्द माहीत असूनही अर्थ लागत नाही.

यावर नेहमीची शिकवण्याची रीत अशी: आधी लिपी, मग व्याकरण, मग सादीच्या गुलिस्तानातले सोपे गद्य उतारे, मग कविता, आणि वेळ उरला तर शेवटी छंदःशास्त्र. तोवर विद्यार्थ्याला चुकीचं वाचायची सवय लागलेली असते. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा हवा, आणि मराठी विद्यार्थ्यासाठी तर नक्कीच. छंद हा फारसी साहित्याचा अलंकारविभाग नाही. न लिहिलेले स्वर कुठे आहेत आणि कुठे नाहीत हे सांगणारी ती सर्वांत भरवशाची खूण आहे.

मराठी विद्यार्थ्यासाठी, असं म्हणायला कारण आहे. शाहनाम्याचा छंद मुतकारिब: फऊलुन फऊलुन फऊलुन फअल. मराठी लगावलीत मांडायचं तर (ल म्हणजे लघू, गा म्हणजे गुरू) लगागा लगागा लगागा लगा. मनाचे श्लोक लहानपणी पाठ झालेल्या माणसाला हा ओळखीचा आहे. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' हे भुजंगप्रयात, म्हणजे चार यगण, लगागा चारदा. फिरदौसीची ओळ म्हणजे भुजंगप्रयाताचा शेवटचा एक गुरू कापलेला. आता तीच चाल धरून ती ओळ म्हणून पाहा:

ब-ना-मे | खु-दा-वन् | दि-जा-नो | खि-रद्
क-ज़ीन्-बर् | त-रन्-दे | श-बर्-नग् | ज़-रद्

पहिल्या गणात तिसरी जागा गुरूची आहे. 'नाम' आणि 'खुदावन्द' यांच्यामध्ये इजाफत नसती, तर ही जागा भरलीच नसती. म्हणजे छंदाने सांगितलं की इथे स्वर आहे, आणि तो ताणून म्हणायचा आहे. तिसऱ्या गणाची पहिली जागा लघूची. 'खुदावन्द'चा 'द' तिथे इजाफतीसह येतो, पण आखूड. एकाच ओळीत एकच प्रत्यय एकदा गुरू, एकदा लघू. कवीला ही मुभा असते, आणि शब्दान्तीच्या 'आणि'वाचक 'उ'लाही तीच मुभा. व्याकरणाच्या पुस्तकात हे एका वाक्याचं टिपण असतं. ओळ चालीवर म्हणणाऱ्याला टिपणाची गरज पडत नाही.

लघु-गुरूचे नियम थोडे आहेत, पण मराठी कानाची गफलत कुठे होते ते आधीच सांगून ठेवलेलं बरं. ह्रस्व स्वरावर संपणारं अक्षर लघू. दीर्घ स्वरावर संपणारं गुरू. ह्रस्व स्वर आणि त्यामागून बंद करणारं व्यंजन असेल तरी गुरू. इथे पहिली चूक होते. मराठी माणूस 'दर' हा शब्द दोन लघू मोजतो, कारण देवनागरीत ती दोन अक्षरं आहेत आणि आपलं वृत्त ती तशीच मोजतं. फारसीत 'दर्' हे एकच बंद अक्षर, एक गुरू. बर्, मन्, गर्, हर्, यक् हे सगळे एकेक गुरू. सुरुवातीला हलन्त चिन्ह न चुकता लिहायला लावलं तर ही चूक लवकर सुटते. हलन्त गाळला की ती महिनोन्महिने छळते.

दुसरा नियम मात्र मराठी माणसाला आयता मिळालेला आहे. दीर्घ स्वर अधिक व्यंजन (यार, रोज़, खूब) किंवा ह्रस्व स्वर अधिक दोन व्यंजनं (दस्त, मर्द, इश्क) असं अतिदीर्घ अक्षर ओळीच्या मध्ये आलं की ते गुरू अधिक लघू मोजतात. इंग्रजीतून फारसी शिकणाऱ्याला हे फार विचित्र वाटतं. एका उच्चाराला दोन मात्रास्थानं कशी, असा त्याचा प्रश्न असतो. आपण 'राम' हा शब्द बोलताना 'राम्' म्हणतो आणि वृत्तात गाल मोजतो, हे शाळेपासूनच करत आलो आहोत. कारणं दोन्हीकडे वेगळी आहेत, आपल्याकडे तो लिपीत उरलेला 'अ' आहे आणि तिकडे व्यंजनाचं स्वतःचं वजन. परिणाम मात्र सारखाच. ओळीच्या अगदी शेवटी आलेलं अतिदीर्घ अक्षर नुसतं गुरू धरायचं.

याला एक अपवाद आहे आणि तिथे हमखास घसरायला होतं. दीर्घ स्वरानंतर 'न' आला आणि त्याच्यापुढे स्वर नसला, तर तो 'न' मोजत नाहीत. चून, ईन, जान, जहान यांचा शेवट गुरूच, गाल नव्हे. त्याला अनुस्वार समजून चूं, ईं, जां असं लिहिलं की प्रश्न मिटतो. जलालुद्दीन रूमीच्या मसनवी या दीर्घकाव्याची पहिली ओळ यासाठी चांगली आहे:

बिश्-न-वीं-नय् | चूं-शि-का-यत् | मी-कु-नद्

गालगागा गालगागा गालगा. मराठी गझलेत याला मेनका म्हणतात. 'बिश्नव' आणि 'ईं' हे दोन वेगळे शब्द आहेत, पण पुढचा शब्द स्वराने सुरू होत असला की आधीचं व्यंजन त्याच्या गळ्यात पडतं आणि 'वीं' हे एक अक्षर होतं. हा सांधा करायचा की नाही हे कवी ठरवतो. तो केला आहे की नाही, हे वाचकाला फक्त छंदावरून कळतं.

उच्चार कुठला घ्यायचा, हा शिक्षकासमोरचा पहिला खरा निर्णय असतो. आजच्या तेहरानचा की जुना? तेहरानात ह्रस्व 'इ'चा 'ए' आणि 'उ'चा 'ओ' झाला आहे: दिल नव्हे देल, गुल नव्हे गोल. जुने दीर्घ ए आणि ओ तिथे ई आणि ऊमध्ये मिसळून गेले. सिंहवाचक शेर आणि दुधाचा शीर, दोन्हींचा उच्चार तिथे 'शीर'. अफगाणिस्तानात हे फरक अजून टिकून आहेत, आणि हिंदुस्थानात आलेली फारसीही तीच होती. म्हणूनच मराठीत रोज, दोस्त, जोर असे 'ओ'कारी शब्द आहेत, तर तेहरानी माणूस रूज़, दूस्त, ज़ूर म्हणतो.

कविता वाचण्यासाठी मी जुना उच्चार घ्यावा असं म्हणेन, त्यात परंपरेचा अभिमान कमी आणि सोय जास्त आहे. तेहरानी उच्चार देवनागरीत लिहिला की 'देल', 'गोल' असं लिहावं लागतं, आणि आपल्या डोळ्याला ए-ओ म्हणजे गुरू. छंद तिथेच मोडतो. जुन्या उच्चारात मात्र अ, इ, उ नेहमी ह्रस्व आणि आ, ई, ऊ, ए, ओ नेहमी दीर्घ, म्हणजे देवनागरीचीच व्यवस्था. फारसीच्या स्वतःच्या लिपीपेक्षा देवनागरी या कामाला अधिक चोख आहे, हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. सावधगिरी एकच: बोलताना आपण मराठी लोक इ-ई आणि उ-ऊ यांतला फरक बराच सैल सोडतो. इथे तो सोडून चालणार नाही. ज्याला तेहरानला जाऊन बोलायचं आहे त्याने तेहरानी उच्चार वेगळ्या तासाला शिकावा. तिथली बोली तर लेखी भाषेपासूनही लांब गेलेली आहे, नानचा नून होतो, मीरवमचं मीरम होतं. दोन्ही एकाच तासात मिसळले की विद्यार्थ्याचं ना धड हे होतं ना ते.

व्यंजनांबद्दल थोडक्यात. फारसीतला 'ज़' घासून निघतो, जीभ कुठे टेकत नाही. मराठीत 'जर'मधला 'ज' जीभ टेकवून सुटतो, म्हणून आपली ज़मीन 'द्ज़मीन' होते. 'ख' महाप्राण नसून घशातलं घर्षण आहे. 'चांदणं'मधला 'च' फारसीत मुळीच नाही.

आता प्रत्यक्ष तास. 45 मिनिटांच्या तासाला सुरुवातीचे काही आठवडे एकच बैत पुरे, म्हणजे दोन ओळी. शिक्षकाने ती आधी तीनदा म्हणायची, पुस्तक बंद. दुसऱ्या वेळेपासून विद्यार्थ्यांनी गुरूवर हाताने ठेका धरायचा. मग प्रत्येकाने ऐकलेलं देवनागरीत उतरवायचं, हलन्तांसह, आणि खाली ल-गा लिहायचे. इथपर्यंत अर्थ सांगायचा नाही. अर्थ कळला की विद्यार्थी शब्द ऐकतो आणि अक्षरं ऐकणं सोडतो. यानंतर फारसी लिपीतली ओळ फळ्यावर, खुणांशिवाय. विद्यार्थ्यांनी आपल्या देवनागरी प्रतीवरून तिच्यात इजाफती आणि ह्रस्व स्वर भरायचे. मग व्याकरण, मग अर्थ. शेवटची दहा मिनिटं सर्वांत मोलाची असतात: त्याच छंदातली एक न पाहिलेली ओळ फक्त लिपीत द्यायची आणि लगावलीच्या आधाराने तिचे स्वर शोधायला लावायचे. हा भाग वेळेअभावी गाळला तर उरतं ते नुसतं पाठांतर. स्वर शोधण्याचं कसब याच दहा मिनिटांत तयार होतं.

पहिले चार छंद पुरेसे आहेत: मुतकारिब, मसनवीचा रमल, लगागागा चारदा हा पूर्ण हजज (म्हणजे आपली वियद्गंगा), आणि त्याचंच छोटं रूप लगागागा लगागागा लगागा. प्रत्येकाच्या 20 तरी ओळी तोंडात बसल्याशिवाय पुढे जाऊ नये. वियद्गंगेसाठी हाफिजची शिराज़ी सुंदरीवरची ओळ घ्यावी:

अ-गर्-आं-तुर् | कि-शी-रा-ज़ी | ब-दस्-ता-रद् | दि-ले-मा-रा

'तुर्कि'मधली इजाफत लघू, 'दिले'मधली गुरू. 'दस्त' आणि 'आरद' यांचा सांधा 'दस्-ता-रद्'. शिकवलेलं बहुतेक सगळं या एका ओळीत भेटतं.

पाचव्या छंदापासून गडबड सुरू होते. गालगागा ललगागा ललगागा ललगा या जातीच्या छंदांत दोन लघूंच्या जागी एक गुरू आलेला चालतो, विशेषतः शेवटाजवळ. पहिल्या गणाच्या सुरुवातीचा गुरू कधी लघूही होतो. विद्यार्थ्याला वाटतं आपलंच मोजणं चुकलं. हे त्याला आधीच सांगायला हवं. उलट बाजूने, एका गुरूचे दोन लघू करण्याची मुभा फारसी कवी घेत नाही, ही खूणही सोबत द्यावी.

छंद किती दूरवर मदत करतो हे पाहायला याच जातीतली हाफिजची एक ओळ: मन मलक बूदमु फिर्दौसि बरीं जायम बूद. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरं लिहिली की ते मलक (देवदूत), मलिक (राजा), मुल्क (राज्य) किंवा मिल्क (मालमत्ता) यांतलं काहीही असू शकतं. छंदाला हवं आहे मन्-म-लक्-बू, गालगागा. मुल्क आणि मिल्क गाल वजनाचे, ते दुसऱ्या जागेच्या लघूवरच आपटतात. दोन बाद झाले. मलक आणि मलिक दोन्ही लगा, छंदाला दोन्ही चालतात. इथून पुढे अर्थाने काम करायचं: पुढे फिर्दौस, स्वर्ग आहे, तर 'मी देवदूत होतो आणि वरचा स्वर्ग माझं ठिकाण होतं'. राजा तिथे बसत नाही. वाचनाची ही शिस्त आहे, आधी वजन, मग अर्थ. शब्दकोश उघडून चारही अर्थ ओळीत घालून पाहणाऱ्याचे तास जातात, आणि कधीकधी चुकीचा अर्थही सुसंगत वाटून जातो.

छंद कुठे गप्प बसतो तेही शिकवलं पाहिजे. सादीच्या गुलिस्तानात (1258) प्रस्तावनेतच हमामखान्यातल्या सुगंधी मातीची कविता आहे: गि-ले-खुश्-बू | य-दर्-हम्-मा | म-रो-ज़े. मराठीत ही मृगाक्षी. 'खुश्बूय' आणि 'हम्माम' यांच्या शेवटच्या व्यंजनांनी पुढच्या गणाचा लघू कसा भरला ते पाहण्यासारखं आहे. पण माती म्हणजे गिल आणि फूल म्हणजे गुल, दोन्ही गाफ-लामच्या जोडीने सारखेच लिहितात आणि वजनही तेच. कवितेत दोन्ही येतात: मी क्षुद्र गिल होते, पण काही काळ गुलाच्या सहवासात राहिले. इथे छंद काही सांगत नाही, अर्थच सांगतो. मसनवीच्या पहिल्या ओळीचंही तसंच. सर्वत्र म्हणतात ते 'बिश्नव अज़ नय', तुर्कस्तानातल्या कोन्या शहरातल्या 1278 च्या हस्तलिखितात आहे 'बिश्नव ईं नय'. दोन्ही मापात बसतात, तेव्हा निर्णय हस्तलिखितांच्या अभ्यासाने करायचा.

आणि एक जागा अशी, जिथे छंद नाही पण जुना उच्चार मदत करतो. मीम, रे, दाल, ये असं लिहिलेला शब्द 'एक माणूस'ही असतो आणि 'मर्दपणा'ही. तेहरानात दोहोंचा स्वर 'ई'च, फरक फक्त आघाताचा: पहिल्यात आघात 'मर्द'वर, दुसऱ्यात शेवटच्या 'ई'वर. जुन्या उच्चारात मर्दे आणि मर्दी असे सरळ दोन शब्द आहेत. वजन दोन्हींचं सारखं.

या सगळ्याला अरबी नावं असली, बसऱ्याच्या खलील इब्न अहमदने आठव्या शतकात बांधलेल्या अरबी चौकटीतून ती आलेली असली, तरी फारसी छंदाचा पिंड अरबी नाही, हे विसाव्या शतकातल्या संशोधनाने नीट दाखवलं. परवेज़ नातल खानलरी, एल्वेल-सटन (1976), अबुल हसन नजफी यांनी गणांच्या अरबी नावांपलीकडे जाऊन लघु-गुरूंच्या आवर्तनांवर फारसी वृत्तांची नवी मांडणी केली. आपल्याकडे माधव जूलियन यांनी हे काम दुसऱ्या बाजूने केलं. 1925 चा त्यांचा फारसी-मराठी कोश आणि 'छंदोरचना' हे दोन ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून वापरावेत असे आहेत. फारसी वृत्तं मराठी ल-गाच्या भाषेत मोजता येतात, हे 'छंदोरचना' वाचणाऱ्या मराठी वाचकाला वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

सरावासाठी गंजूर हे संकेतस्थळ आहे. तिथे बहुतेक अभिजात कवितांखाली छंदाचं नाव दिलेलं असतं, आणि अनेकींचं वाचन ऐकताही येतं, मात्र तेहरानी उच्चारात. शब्दांसाठी स्टाइनगासचा 1892 चा कोश, कारण तो जुने ए-ओ वेगळे दाखवतो.

गद्याला छंद नसतो, तिथे हा आधार सुटतो. गुलिस्तानातल्या सयमक गद्यात जोडवाक्यांच्या तोलावरून थोडं कळतं; दफ्तरातल्या फारसी कागदांत तेवढंही नाही. पण दख्खनच्या कागदांवर काम करणाऱ्याकडे एक साधन आहे, ज्याचा शिकवताना पुरेसा उपयोग होत नाही: मोडीतले मराठी कागद. शिवकालीन पत्रांचे मायने पाहा, 'अज रख्तखाने', 'कारकुनानि हाल व इस्तकबाल'. 'कारकुनान'नंतरची इजाफत फारसी लेखक कधी लिहिणार नाही. मोडी लिहिणाऱ्याला मात्र स्वर लिहावाच लागतो, म्हणून त्याने ती 'नि' करून कागदावर उतरवली. सतराव्या शतकात या मुलखात फारसी मायना कानाला कसा ऐकू येत होता, त्याची ही लेखी नोंद आहे. अशा मायन्यांतल्या इजाफतींची यादी करावी, ती मूळ फारसी मायन्यांशेजारी ठेवावी, आणि गद्य वाचनाचा पहिला धडा तिथून सुरू करावा. तोवर विद्यार्थ्याचा कान फिरदौसीच्या लगागावर तयार झालेला असेल, तर 'कारकुनानि'मधला तो आखूड 'इ' त्याला लगेच ओळखता येईल.